हौद्यातलं लिंबू

“आधी फळ्या बांधायच्या,” तबरेजचाचा म्हणाला. “बाकी सगळं नंतर. फळी सरकली तर गाडी खाली, आणि गाडीखाली माणूस.”

“म्हणजे तू,” रायान म्हणाला.

“म्हणजे मी. म्हणून तर आधी फळ्या.”

मे महिन्यातला शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. महाप्याला सितारामशेठच्या पाइपांच्या कारखान्याच्या आवारात तबरेजचाचाची पिकअप उभी होती. मागचा फाळका उघडून दोन साखळ्यांवर आडवा टाकलेला होता, आणि चाचा त्याच्यावर टेकवलेल्या दोन जाड फळ्या दोरीनं फाळक्याला आवळत होता. सुट्टी लागून तीन आठवडे झाले होते. जुईनगरच्या सोसायटीत पत्ते, कॅरम आणि भांडणं सगळं करून संपलं होतं. म्हणून चाचानं रायान आणि बुशरा या आपल्या पुतण्या-पुतणीला बरोबर घेतलं, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरची क्षिप्रा आणि तिचा धाकटा भाऊ पार्थ आपोआपच गाडीत चढले. क्षिप्राचे बाबा, दिनानाथ, याच कारखान्यात स्टोअर्सचे साहेब होते, त्यामुळे गेटवरच्या नामा वॉचमननं कोणाला अडवलं नाही.

जी गाडी चढवायची होती ती तोवर सावलीत उभी होती. चार फुगीर टायर, मोटारसायकलसारखं हँडल, मधे रुंद सीट. परदेशातून आलेली, वाळूत आणि चिखलात चालणारी. शेठ तिला एटीव्ही म्हणत. उरणच्या किनाऱ्यावर त्यांनी रिसॉर्ट काढलं होतं, तिथे पाहुण्यांना वाळूत फिरवायला ती जाणार होती.

“ही बेडकासारखी दिसते,” पार्थनं एकदा तिच्याभोवती फिरून निकाल दिला. तेव्हापासून ती बेडूकगाडी झाली.

चाचानं बेडूकगाडी सुरू केली, सगळ्यात खालच्या गिअरमध्ये टाकली आणि माणूस जिना चढतो त्या वेगानं फळ्यांवरून वर नेली. पुढचे टायर केबिनच्या पत्र्याला टेकले तेव्हा मागचे टायर हौद्याच्या कडेपर्यंत आले होते. फाळका लावायला जागा उरली नाही.

“फाळका उघडाच राहणार,” चाचा म्हणाला. “म्हणजे हिला मागे यायला रस्ता मोकळा. तो आपण बंद करायचा. बघा आता.”

त्यानं गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून बंद केली. हँडलवरचा ब्रेक दाबून त्याची कडी अडकवली. चारही चाकांमागे लाकडी ठोकळे ठोकले. गावच्या घराचं मोडकं दार कापून त्यानं ते बनवले होते, अजून एका बाजूला हिरवा रंग होता. मग दोऱ्या. मागच्या दोन सरळ, पुढच्या दोन एकमेकींना छेद देऊन, केबिनच्या कोपऱ्यांतल्या कड्यांना.

“चौघं चढा वर. पुढे, हँडलपाशी बसा. जोर द्या.”

“आम्ही कशाला?” बुशरानं विचारलं.

“हिच्या खाली स्प्रिंग आहेत. दाबून बांधायची. तुम्ही उतरलात की स्प्रिंग वर येणार आणि स्वतःच दोरी ताणून धरणार. सैल बांधली तर खड्ड्यात उडी मारेल, खऱ्या बेडकासारखी.”

चौघं चढले, गाडी खाली दबली, आणि चाचानं शेवटची गाठ मारण्याआधी दोरीचं टोक क्षिप्राच्या हातात दिलं. “ओढ, बेटा.” तिनं पाय रोवून ओढली. उतरल्यावर तिनं पुढच्या दोरीला टिचकी मारली. ती तंबोऱ्यासारखी वाजली.

“तरी पहिल्या पेट्रोलपंपावर मी थांबणार,” चाचा म्हणाला. “उतरणार, चारही दोऱ्या परत ओढून बघणार. फ्रिज असो, कपाट असो, कांदे असोत. पहिला पंप म्हणजे पहिला पंप.”

पावणेबाराला शेठ बाहेर आले. पांढरे कपडे, हातात कॅमेरा. म्हणाले की गेटपास दोन वाजता मिळेल.

“ठीक आहे. तोवर रायानला घेऊन जुम्माची नमाज पढून येतो,” चाचा म्हणाला. मग तो दिनानाथांकडे वळला. “साहेब, एवढंच बघा, गाडीला हात कोणी लावायचा नाही.”

“कोण लावतंय हात?” बाबा म्हणाले.

क्षिप्रा, बुशरा आणि पार्थ सव्वाबाराच्या बसनं घरी आले.

*

रायान घरी आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. तो जिन्यातच बसला. त्याच्या बाहीवर रक्त होतं, ते त्याचं नव्हतं.

“पंप दिसत होता,” तो म्हणाला. “दोनशे पावलांवर. चाचानं इंडिकेटरपण दिला होता. त्याच्या आधी तो स्पीडब्रेकर आहे ना, त्याच्यावर गाडी चढली आणि मागे धाडकन आवाज आला.”

बेडूकगाडी उघड्या फाळक्यावरून मागे गेली होती. रस्ता ओलांडणारी गोजरा नावाची म्हातारी भाजीवाली तिच्या वाटेत आली. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला. माणसं जमली, पोलीस आले. पिकअप चौकीच्या आवारात नेऊन लावली. चाचाचं लायसन्स फौजदारांनी ठेवून घेतलं.

“शेठ चौकीत आला,” रायान म्हणाला. “म्हणाला, ड्रायव्हरनं गाडी नीट बांधली नाही. ठोकळे लावलेच नव्हते म्हणाला. आणि रस्त्यावर एकपण ठोकळा मिळाला नाही. मी स्वतः शोधले. सोमवारी अकरा वाजता तो लेखी तक्रार देणार आहे.”

“आपण बघितलेत ठोकळे,” पार्थ म्हणाला.

“तू दहा वर्षांचा आहेस. तुला कोण विचारतंय?”

“नमाजहून आल्यावर चाचानं दोऱ्या बघितल्या नाहीत?” बुशरानं विचारलं.

“गाडीवर ताडपत्री टाकलेली होती. शेठ ओरडत होता, निघा, निघा, तिकडे पाहुणे थांबलेत. तरी चाचानं विचारलं. कोणी हात लावला नाही ना?”

“मग?”

“काका म्हणाले, नाही.” रायाननं क्षिप्राकडे पाहिलं, आरोप म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून. “तुझे बाबा होते ना तिथं. म्हणजे हात कोणी लावला नाही. मग ठोकळे गेले कुठं?”

लायसन्स गेलं तर चाचाची पिकअप म्हणजे नुसता पत्रा होता, हे चौघांनाही कळत होतं. आणि निष्काळजीपणाची केस लागली तर जुईनगरच्या नाक्यावर त्याला कोणी कपाटसुद्धा उचलायला बोलावणार नव्हतं.

*

शनिवारी सकाळी ते चौकीत गेले. चाचाचा जेवणाचा डबा केबिनमध्ये राहिला होता, तो न्यायला आलोय असं बुशरानं सांगितलं. हवालदारानं हात हलवून आवाराकडे बोट दाखवलं.

डबा घ्यायला एक मिनिट पुरेसं होतं. ते वीस मिनिटं हौद्यात होते.

मागच्या दोन दोऱ्या कड्यांना अजून बांधलेल्या होत्या, त्यांची गाडीकडची टोकं झटक्यानं तुटली होती. पुढच्या दोन मोकळ्या पडल्या होत्या, पण तुटलेल्या नव्हत्या. बुशरानं टोकं हातात घेऊन पाहिली.

“ही चाचाची गाठ नाही. चाचाची गाठ सुटत नाही, कापावी लागते. ही आपोआप सुटलीय.”

“इकडे बघा,” पार्थ म्हणाला. तो हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात उकिडवा बसला होता. पत्र्याच्या खोबणीत काहीतरी पिवळं, चपटं चिकटलं होतं. त्यानं नखानं खरवडून काढलं. अर्धं वाळलेलं, पूर्ण चिरडलेलं लिंबू. सालीवर कुंकू होतं.

“चाचा लिंबूसरबत पीत असेल,” रायान म्हणाला.

“कुंकू घालून?” बुशरानं लिंबू तळहातावर घेतलं. मग ती हळूहळू बोलू लागली, जशी गणिताच्या तासाला फळ्यावर बोलायची तशी. “आपण गाडी बांधली तेव्हा लिंबू नव्हतं. बरोबर? नवीन गाडीची पूजा करतात, तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवतात आणि गाडी त्याच्यावरून नेतात. हे चाकाखाली चिरडलंय. म्हणजे चाक फिरलं. हौद्यातल्या हौद्यात. पण चाक गिअरमध्ये होतं, ब्रेक लावलेला होता, मागे ठोकळा होता, पुढे दोरी होती. ते सगळं काढल्याशिवाय चाक फिरेल?”

रायाननं लिंबू तिच्या हातातून घेऊन उलटून पाहिलं.

“आपण गेल्यावर,” रायान म्हणाला. “चाचा नमाजला होता तेव्हा. कोणीतरी पूजा केली.”

क्षिप्रा हौद्यातून खाली उतरली. तिला काल संध्याकाळचा पेढ्यांचा पुडा आठवला होता. बाबांनी आल्या आल्या तो देवापुढे ठेवला होता, सोबत नारळाची वाटी. कसला प्रसाद, असं आईनं विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ऑफिसचा. पार्थनं त्यातले चार खाल्ले होते. तिनं एक.

तिनं हे कोणाला सांगितलं नाही.

दुपारी बाबा सोफ्यावर पेपर घेऊन बसले होते. ती समोर उभी राहिली.

“बाबा, काल पूजा होती?”

“ऑफिसात काही ना काही असतंच.” त्यांनी पेपरचं पान उलटलं. मग पुन्हा मागचं पान काढलं.

*

त्याच दिवशी तीनच्या बसनं चौघं महाप्याला गेले. कारखाना शनिवारी अर्धा दिवस चाले, आवारात सामसूम होती. नामा वॉचमन गेटच्या खोलीमागे स्टोव्हवर चहा ठेवत होता. स्टोव्ह जमिनीवर नव्हता. तो चार लाकडी ठोकळ्यांवर होता, आणि ठोकळ्यांची एक बाजू हिरवी होती.

“नामाकाका, हे कुठे मिळाले?” रायाननं विचारलं.

“हे व्हय? पडलेले होते.”

“माझ्या चाचाचे आहेत. आमच्या गावच्या दाराचे.”

नामानं स्टोव्हची वात बारीक केली. तो साताऱ्याकडचा, साठीला आलेला माणूस होता. “पोरांनो, मला नोकरी हाय,” तो म्हणाला. “दोन वर्षं राहिलीत.”

“तुमचं नाव आम्ही घेणार नाही,” बुशरा म्हणाली. “फक्त सांगा, काय झालं.”

“काय व्हायचंय? पूजा झाली. भटजीनं दीडच्या आतला मुहूर्त दिला होता. खाली उतरवायला येळ नव्हता, मग शेठ म्हणले, वरच करा. हार घातला, तर दोरी मधी येती, फुलं चुरगळतात. सोडली दोरी. चाकापुढं लिंबू ठेवायला गाडी हातभर मागं घ्यायची, तर चाक हलंना. काढले ठोकळे. गिअर, बिरेक काढला. मागं घेऊन लिंबू ठेवलं. शेठ वर बसले, मागनं परत ढकलली हातभर, चिरडलं लिंबू. टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मग परत बांधली कशीतरी.”

“आणि ठोकळे?”

“ऱ्हायले खाली. पेढे वाटायच्या नादात.”

“ढकललं कोणी?” रायाननं विचारलं.

नामानं क्षिप्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “पोरी, तू घरी इचार,” तो म्हणाला. “फोटो काढल्यात शेठच्या ड्रायव्हरनं. त्यात समदं असंल.”

परतीच्या बसमध्ये चौघांना एकच लांब सीट मिळाली. रायान खिडकीशी बसला. सानपाडा गेल्यावर तो बोलला.

“तुला माहीत होतं?”

“मला पेढा माहीत होता,” क्षिप्रा म्हणाली. “सकाळी लिंबू मिळाल्यावर कळलं.”

“सकाळी कळलं, आणि आत्ता सांगतेस?”

“तूसुद्धा खाल्लास, ताई,” पार्थ म्हणाला. “मी चार खाल्ले.” आणि तो रडायला लागला. मग बाकीच्यांना भांडता आलं नाही.

*

फोटोंचा रोल धुवायला कोणी दिला असेल, हे शोधायला क्षिप्राला कुठे जावं लागलं नाही. शेठची बारीकसारीक कामं बाबाच करायचे. रविवारी सकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा तिनं खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घातला. जुईनगर स्टेशनसमोरच्या स्टुडिओची पावती होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती बाबांच्या खिशातून काही घेत होती.

“दिनानाथसाहेबांची मुलगी ना?” स्टुडिओवाला म्हणाला. “घेऊन जा. छत्तीसच्या छत्तीस आलेत.”

सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे बसून त्यांनी फोटो पाहिले. नारळ. भटजी. हार घातलेली बेडूकगाडी. चौदाव्या फोटोवर चौघंही थांबले.

शेठ सीटवर बसले होते, दोन्ही हात हँडलवर, हसत. पुढच्या दोन्ही दोऱ्या सुटून पत्र्यावर लोळत होत्या. खाली जमिनीवर हिरव्या बाजूचे ठोकळे दिसत होते. कोपऱ्यात कॅमेऱ्यानं नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ छापली होती. शुक्रवारची तेवीस तारीख, एक वाजून पंचवीस मिनिटं. चाचा त्या वेळी मशिदीत होता, आणि तिथे त्याला पन्नास माणसांनी पाहिलं होतं.

गाडीच्या मागे एक माणूस वाकून, दोन्ही तळवे टेकवून गाडी ढकलत होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता, खाली घातलेली मान आणि पाठ दिसत होती. निळ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी डाग होता. तो डाग दिवाळीत क्षिप्रानंच पाडला होता. बाबा रागावले नव्हते. “पाठीवर आहे, मला थोडाच दिसतो,” म्हणाले होते, आणि शर्ट घालत राहिले होते.

“काका आहेत?” बुशरानं हळू विचारलं.

“हो.”

बुशरानं बोट आडवं धरून फोटोचा मागचा भाग झाकला. मग म्हणाली, “हे कापता येईल. मागचं एवढं. शेठ आणि दोऱ्या राहतील. आपलं काम होईल.”

रायाननं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही. तो चाचाचा पुतण्या होता. त्याला फोटो कसाही हवा होता.

क्षिप्रानं फोटो हातात धरून पाहिला. कात्री घरात शिवणाच्या डब्यात होती. दोन मिनिटांचं काम होतं.

“कापलेला फोटो बघितला की फौजदार पहिल्यांदा विचारणार, कापलं काय,” ती म्हणाली. “आणि शेठ म्हणणार, मुलांनी खेळ केलाय. मग पूर्ण फोटोपण खोटा ठरेल.”

ते खरं होतं. तरी तिच्या मनात होतं ते एवढंच नव्हतं. बाबा ‘नाही’ म्हणाले होते, आणि त्या एका शब्दावर विश्वास ठेवून चाचानं गाडी काढली होती.

संध्याकाळी तिनं फोटो बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. बाबांनी पाहिला. चहा तसाच राहिला.

“कुठून आणलास?”

“तुमच्या खिशातल्या पावतीवर.”

“आत ठेव.”

“बाबा, तुम्ही उद्या सांगणार?”

“हा फ्लॅट कंपनीचा आहे, क्षिप्रा,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. “तुमची शाळा, आईचं औषधपाणी, सगळं त्या नोकरीवर आहे. शेठ म्हणाले, ढकला, मी ढकललं. शेठ म्हणाले, मुहूर्ताचं बोलू नका, उशीर होईल, तो परत सगळं सोडून बांधत बसेल. तबरेजनं विचारलं तेव्हा शेठ शेजारी उभे होते.”

“म्हणजे सांगणार नाही.”

त्यांनी फोटो उपडा ठेवला. क्षिप्रानं तो उचलून घेतला. बाबांनी तिचा हात धरला नाही. पुढे कित्येक दिवस ती हाच विचार करत राहिली, की त्यांनी हात का धरला नाही.

*

सोमवारी अकराला चौकीत शेठ आले, सोबत दिनानाथ. तबरेजचाचा भिंतीशी उभा होता. तीन दिवसांत त्याची दाढी वाढली होती. फौजदारांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला, तेवढ्यात चार मुलं आत आली.

“काय रे, डबा राहिला का परत?” हवालदार म्हणाला.

क्षिप्रानं टेबलावर फोटो ठेवला. बुशरानं कागदात गुंडाळलेलं लिंबू ठेवलं. रायाननं पिशवीतून चार ठोकळे काढले. सकाळी पहिल्या बसनं जाऊन त्यानं ते आणले होते. गेटवर कोणी नव्हतं, आणि ठोकळे बाहेर रस्त्याकडेला नीट रचून ठेवलेले होते.

मग बुशरा बोलली. फळ्या, गिअर, ब्रेक, ठोकळे, दोऱ्या. कुठल्या क्रमानं बांधलं आणि कुठल्या क्रमानं सुटलं. ती एकदाही अडखळली नाही. फौजदारांनी फोटोतली वेळ भिंग लावून वाचली.

“पूजा सगळेच करतात, साहेब,” शेठ हसून म्हणाले. “नंतर पहिल्यासारखी बांधली होती.”

“कोणी?”

शेठनं घड्याळाकडे पाहिलं.

“हे ढकलणारे कोण?”

क्षिप्रा टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

“मी,” दिनानाथ म्हणाले. “दोऱ्यापण मीच बांधल्या. मला ती गाठ येत नाही.”

“ड्रायव्हरला सांगितलंत?”

“त्यानं विचारलं होतं. मी नाही म्हणालो.”

ते खरं बोलले होते. पण फोटो टेबलावर आल्यानंतर बोलले होते, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तबरेजचाचानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

फौजदारांनी तक्रारीचा कागद शेठकडे परत सरकवला, ड्रॉवरमधून लायसन्स काढलं आणि चाचाला दिलं. मग उठून चौघांशी हस्तांदोलन केलं. “माझी माणसं जे तीन दिवसांत बघू शकली नाहीत ते तुम्ही बघितलंत,” ते म्हणाले. हवालदारानं छताकडे पाहिलं.

शेठनं जाता जाता पार्थच्या डोक्यावर हात ठेवला. “हुशार पोरं आहेत. अशीच राहा.” आणि ते गाडीत बसले. दिनानाथांना बसा म्हणाले नाहीत.

*

गोजराला भेटायला मुलं दवाखान्यात गेली. तिचा पाय प्लास्टरमध्ये वर टांगलेला होता. तोवर शेठच्या माणसांनी दवाखान्याचं सगळं बघितलं होतं, आणि तिनं एका कागदावर अंगठा दिला होता. शेठवर केस झाली नाही.

“तो डायवर बिचारा रोज येतो,” ती म्हणाली. “पानी देतो, भाकर देतो. त्याचा काय गुना नाय व्हता ना?”

“नाही, आजी. त्याचा काही नव्हता.”

“मंग कोनाचा व्हता?”

पार्थनं क्षिप्राकडे पाहिलं. क्षिप्रानं सांगितलं. सगळं सांगितलं, आपल्या बाबांसकट. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

बुधवारी सोसायटीनं गच्चीवर सत्कार ठेवला. चौघांना एकेक गुलाब आणि एकेक कंपासपेटी मिळाली. सेक्रेटरी वीस मिनिटं बोलले. पहिल्या रांगेत दिनानाथांसाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती.

कंपनीची चिठ्ठी गुरुवारी आली. नोकरी गेली होती, फ्लॅट पंधरा दिवसांत सोडायचा होता. तबरेजचाचालाही महाप्याच्या त्या कारखान्याचं काम पुन्हा मिळालं नाही, आणि शेजारच्या दोन कारखान्यांनीही बोलवणं बंद केलं. शेठचं सगळ्यांशी बरं होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी क्षिप्राच्या घरचं सामान पनवेलला मामाकडे जायचं होतं. आईनं, जयमालानं, नाक्यावरचा दुसरा कोणी टेम्पो ठरवायला सांगितलं होतं. पण सकाळी आठ वाजता खाली तबरेजचाचाची पिकअप उभी होती. रायाननं आणि बुशरानं सामान उतरवायला मदत केली. कपाट, पलंग, शिवणयंत्र, पिंपं. चाचानं सगळं रचलं, चारही दोऱ्या आवळल्या, आणि तो पाणी प्यायला वर गेला.

सोसायटीतली माणसं निरोप द्यायला खाली जमली होती. वरच्या मजल्यावरचे म्हातारे आजोबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी क्षिप्राच्या पाठीवर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाले, “शाबास, पोरी. बापाचं नाव काढलंस.”

जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यांना कळलं नाही. दिनानाथ पिकअपच्या पलीकडे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

चाचा हात पुसत खाली आला. सवयीनं हौद्याभोवती फिरू लागला आणि सवयीनंच त्याच्या तोंडून निघालं, “कोणी हात लावला नाही ना?”

मग तो थांबला. विचारायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. बुशरानं खाली पाहिलं.

“लावला,” दिनानाथ म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

“शेगडी राहिली होती. ती आत सारायला पुढची डावी दोरी सोडली आणि मीच परत बांधली. मला ती गाठ येत नाही, तबरेज. पुन्हा बांध.”

चाचानं डावी दोरी सोडली, कपाटाच्या वरून फिरवून घेतली आणि कडीतून काढली. मग दोरीचं टोक दिनानाथांच्या हातात दिलं.

“ओढा, साहेब. पाय रोवून.”

बाबांनी ओढली. त्यांच्या पाठीवर तोच निळा शर्ट होता. क्षिप्रा पिकअपच्या या बाजूला उभी होती. ती बाबांशी आठ दिवस बोलली नव्हती आणि आजही बोलणार नव्हती. पण गाठ बसल्यावर ती पुढे झाली आणि तिनं त्या दोरीला टिचकी मारली.

जुईनगर सोडल्यावर पहिला पंप दिसला तेव्हा चाचानं इंडिकेटर दिला.